दाजी अंतर सांगत नाहीत

शी! आमच्या दाजींचं नाव निघालं की मला आधी त्यांचं तोंड आठवतं. डाव्या गालात कोकाच्या पानांचा हा एवढा गोळा, ओठांच्या कोपऱ्यात वाळलेला हिरवा चिकटा, आणि बोलता बोलता मध्येच मान वळवून मारलेली पिचकारी. तीही कुठं? माझ्या खानावळीच्या पायरीवर! मी रोज पहाटे पायरी घासायची आणि दाजींनी रोज तिथंच येऊन बसायचं.

"दाजी, देवानं अख्खा डोंगर दिलाय तुम्हाला थुंकायला," मी म्हणायची.

"डोंगरावर थुंकू नये दोसिया. तो बघत असतो."

म्हणजे डोंगर बघतो आणि मी काय आंधळी?

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, रोसाल्बाताईचे नवरे. नाव सेनोबियो. वय विचारलं तर 'साठ झाली असतील' म्हणायचे, आणि हे त्यांनी दहा वर्षं तरी म्हटलं. आमच्या पुक्योपाम्पा गावातून धबधब्याकडं वाट जाते. प्रवाशांना त्या वाटेनं नेण्याचं काम गावातल्या एकतीस घरांकडं पाळीनं असतं. यादी गावसभेच्या दारावर चिकटवलेली. ज्याच्या घराची पाळी, त्यानं जायचं. प्रवासी म्हणाला की मला तो उंच, इंग्रजी बोलणारा पाहिजे, तर डोंबल मिळेल. आज सेनोबियोची पाळी तर आज सेनोबियोच, मग त्याच्या दाढीला काल रात्रीचा मका का चिकटलेला असेना.

आणि खरं सांगू? प्रवासी तरी कुठले देवदूत लागून गेलेत! पाठीवर घराएवढ्या पिशव्या घेऊन येतात, आठ-आठ दिवस तेच मोजे. मी खानावळीत रबरी बूट भाड्यानं देते, कारण वाटेवर गुडघाभर चिखल असतो. संध्याकाळी ते बूट परत आले की मी श्वास रोखून उलटे करते. काय काय निघतं आतून! आणि वाटेवरच्या झुडपांमागं तर बघायलाच नको. जिथं माझी आई ऑर्किडची फुलं तोडायला जायची तिथं आता पांढरे कागद फुललेत. मी लहान होते तेव्हा धबधब्याकडं कुणी फिरकत नव्हतं. त्याच्या डोहात लांब केसांची बाई आहे, पुरुषांना आत ओढते, असं सगळे म्हणायचे. विल्मेरचा बाप तर तिकडं तोंड करून लघवीलाही बसायचा नाही. आज तोच विल्मेर वाटाड्यांचा अध्यक्ष आहे आणि त्या बाईच्या प्लास्टिकच्या बाहुल्या विकतो. केसांना इतकं जेल चोपडतो की माश्या बसल्या तर चिकटून मरतील.

पण दाजींचं सांगत होते. दाजींना घाणेरड्या सवयी पुष्कळ होत्या. बोटांनी नाक शिंकरायचे, टोपी दहा वर्षांत धुतली नव्हती, उसाची आंबवलेली दारू प्यायले की सगळ्यांच्या गळ्यात पडायचे. पण ज्या सवयीनं त्यांचा घात केला ती वेगळीच. दाजी कधीही, कुणालाही, खरं अंतर सांगायचे नाहीत.

धबधबा आमच्या गावापासून अडीच तास. बाहेरच्या माणसाला साडेतीन. दाजींना निघताना विचारा, "काका, किती लांब?" "हे काय, इथंच." तासाभरानं विचारा. "झालं की, ते वळण गेलं की आलाच." ते वळण गेलं की पुढचं वळण. असली बारा-पंधरा वळणं. प्रवासी परत यायचे ते लालबुंद होऊन. कुणी मला येऊन विचारायचं, "तुमच्या भाषेत 'इथंच' म्हणजे काय हो?" मी काय सांगणार कपाळ! तसं आमच्याकडं सगळेच थोडं कमी करून सांगतात. थकलेल्या माणसाला आकडा सांगितला की त्याच्या पायातलं बळ जातं, असं आमचे जुने खेचरवाले म्हणायचे, आणि दाजी खेचरवाल्याचंच पोर. रस्ता नव्हता तेव्हा बापलेक मीठ आणि कॉफी लादून सहा-सहा दिवस चालायचे. पण बाकीचे लोक निदान तासाचा अर्धा तास तरी करतात. दाजी सगळ्याचं 'इथंच' करायचे.

त्यालाही कारण होतं. सहा वर्षांपूर्वी रोसाल्बाताईचं पोट फुगलं. वेदनेनं ती नुसती कण्हत होती. तेव्हा गाडी गावापर्यंत येत नव्हती. ताईला घोंगडीच्या झोळीत घातलं, बांबूला बांधलं आणि आठ जणांनी उचललं. मीही बरोबर होते. पाच तासांची खिंड. पाऊस. दाजी पूर्ण वाट झोळीच्या बाजूनं चालले, ताईचा हात धरून. ताई विचारायची, "किती राहिलं?" दाजी म्हणायचे, "इथंच गं. वळणापलीकडं." ती डोळे मिटायची, परत उघडायची, परत विचारायची. पाच तास माझी बहीण त्या एका शब्दावर जगली. रस्त्याला लागलो तेव्हा ती हसली, देवाशप्पथ. गाडीत घातली. पुन्हा तिनं विचारलं, "किती राहिलं?" दाजींनी तोंड उघडायच्या आत तो मेला ड्रायव्हर म्हणाला, "अजून बेचाळीस किलोमीटर, बाई." ताईनं एकदा दाजींकडं बघितलं. पहिल्याच पुलावर ती गेली.

डॉक्टर म्हणाले आतडं फुटलं होतं, वाचलीच नसती. दाजींना ते कधी पटलं नाही. त्यांच्या लेखी तिला त्या बेचाळीसनं मारलं. त्यानंतर त्यांच्या तोंडून अंतराचा आकडा म्हणून निघाला नाही. घरी एकटेच, ना मूल ना बाळ. पाळीचा दिवस आला की मात्र टोपी झटकायचे आणि पहाटे पाचला माझ्या पायरीवर हजर. मी ओरडायची, पण ज्या दिवशी त्यांची पाळी नसे तेव्हा ते कसे दिसायचे तेही मी बघितलंय. दारात बसून दुसऱ्यांच्या पाठी बघत राहायचे. त्या एका पाळीवर माणूस उभा होता.

तर तक्रारी वाढल्या. विल्मेरनं गेल्या वर्षी सभेत बोट नाचवत सांगितलं, "सेनोबियो काका, तक्रारींच्या वहीत तुमच्या नावावर आणखी एक तक्रार आली तर तुमचं नाव पाळीतून कमी होणार. किलोमीटर सांगायला काय जातं तुमचं?"

"माझं काही जात नाही," दाजी म्हणाले. "त्यांचं जातं."

लोक हसले. मलाच लाज वाटली. घरी येताना मी त्यांना झाप झाप झापलं. "दाजी, एवढा कसला तो ताठा? तीन तास म्हणायला जीभ झडते का?" ते पानं चघळत राहिले आणि माझ्या पायरीपाशी येऊन थुंकले.

मग या फेब्रुवारीत, आमच्या ऐन पावसाळ्यात, दरड आली. नदीकाठचा रस्ता वाहून गेला, विजेचे तीन खांब आडवे झाले. तीन दिवस गावात ना दिवा ना बाहेरचा माणूस. माझ्या फ्रिजमध्ये दोन कोंबड्या कापून ठेवलेल्या. पहिल्या दिवशी मी त्यांना मीठ चोळलं, दुसऱ्या दिवशी उकळून ठेवलं. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं आणि नाकात एक आंबूस भपकारा गेला. फार नाही, थोडासाच. कोणतीही शहाणी बाई ते कुत्र्याला घालील. मी काय केलं? जिरं घातलं, लसूण घातला, कोथिंबीर मूठभर घातली, वरून चार लिंबं पिळली आणि परत चुलीवर चढवलं. दोन कोंबड्या होत्या हो! तीन दिवस एक ताट विकलं गेलं नव्हतं. मी चाखलं नाही. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही, पण मी ते चाखलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मारित नावाची एक प्रवासी आली. नॉर्वेची पोरगी, तेवीस-चोवीस वर्षांची, एकटी. तिच्या हालांची कहाणी ऐकून तर मला हसावं की रडावं कळेना. मोटार दरडीपाशी अडकली, ती रात्रभर मोटारीत एका कोंबड्यांच्या पाटीशेजारी बसून होती. टपावरची तिची पिशवी कुणीतरी भलत्याच गावाला उतरवून घेतली. दरड ओलांडताना एक बूट चिखलात गेला तो गेलाच. दुसरा हातात घेऊन, पायात दोन्हीकडं नुसते मोजे, अशी ती चार तास चालत आली होती. अंगाला कोंबड्यांच्या शिटेचा वास. दोन दिवस बिस्किटांवर.

"मावशी, खायला आहे काही?" तोडक्यामोडक्या स्पॅनिशमध्ये तिनं विचारलं.

मी त्याच कोंबडीचं सूप वाडगा भरून दिलं. तिनं तो असा संपवला की विचारू नका. दुसरा मागितला. तोही दिला. वाडग्यातला शेवटचा थेंब बोटानं पुसून चाटला आणि म्हणाली, "मावशी, या देशात खाल्लेलं हे सगळ्यात छान सूप आहे."

मी म्हटलं, "खा पोरी, खा." काय ही माझी जीभ!

"झोप की दिवसभर," मी सांगितलं. नाही. उद्या तिला परतायचं होतं, विमान होतं, आणि एवढे हाल सोसून धबधबा न बघता गेले तर वेड लागेल म्हणाली. पाळी होती दाजींची. तीन दिवस कुणी न आल्यामुळं यादी त्यांच्या नावावरच थांबली होती. ते पायरीवर बसलेच होते, टोपी झटकून.

"किती लांब आहे काका?" माझे रबरी बूट चढवता चढवता तिनं विचारलं.

"हे काय, इथंच."

मी आतून मोठ्यानं खोकले. त्यांनी लक्ष दिलं नाही.

पुढचं मी बघितलेलं नाही, पण दोघांकडून ऐकलं आणि ते जुळतं. तासाभरात पोरीच्या पोटात पीळ पडला. तिनं विचारलं, "किती राहिलं?" "वळणापलीकडं." झऱ्याशी थांबून पाणी मागितलं. दाजींनी टोपीत नव्हे बरं, स्वच्छ लाकडी कटोरीत झऱ्याचं पाणी दिलं. त्या झऱ्याचं पाणी सगळं गाव पितं. पुन्हा पीळ. "काका, खरं सांगा, परत फिरू का?" आता तिथून धबधबा तब्बल दीड तास होता आणि गाव एका तासावर. शहाण्या माणसानं म्हटलं असतं, फिर बाई. दाजी म्हणाले, "आलोच की आपण. इथंच."

ती पुढं चालत गेली. धबधबा बघितला म्हणे, दोन मिनिटं. मग तिथंच खडकामागं बसली ती उठेचना. वरून, खालून, दोन्हीकडून. दाजींनी तिचे केस मागं धरले. स्वतःचा सदरा फाडून तिला पुसायला दिला, पेरूचे कोवळे शेंडे चावून चावून त्यांचा रस तिच्या तोंडात घातला. तोंडातली पानं थुंकून, तोंड धुऊन, एवढं तरी त्यांनी केलं. मग तिला पाठीशी घोंगडीत बांधलं, जशा आमच्या बायका लेकरं बांधतात, आणि निघाले. सत्तरीचा म्हातारा, पाठीवर आपल्याहून वीतभर उंच पोरगी, पायाखाली चिखल. आणि अख्ख्या वाटेनं तिला सांगत होते, इथंच, इथंच, वळणापलीकडं.

दिवस मावळायच्या आत ते माझ्या दारात आले. दोघांच्या अंगाला जो वास येत होता तो सांगण्यासारखा नाही. दाजींच्या मानेवरून, पाठीवरून सगळं ओघळून वाळलं होतं. मला ओकारी आली, खरंच आली. मी तिला धुतलं, मागच्या खोलीत निजवलं. आरोग्य केंद्रातून सलाइन मागवलं. आणि दाजी विहिरीवर अंग धुऊन आले, चुलीपाशी उभे राहिले, पातेल्याचं झाकण उचललं, वास घेतला आणि झाकण परत ठेवलं.

"दोसिया," ते हळूच म्हणाले, "हे सांडून दे. आणखी कुणाला वाढू नकोस."

बस. एवढंच. ना डोळे वटारले, ना आवाज चढवला. आणि ते निघूनही गेले. मी ते पातेलं उकिरड्यावर पालथं केलं आणि राखेनं तीनदा घासलं.

दुसऱ्या दिवशी पोरीला उभं राहता येऊ लागलं. उभी राहिली ती थेट गावसभेच्या दारात, वहीपाशी. तिनं लिहिलं की वाटाड्यानं मला ओढ्याचं घाण पाणी पाजलं, त्यानं मी मरता मरता वाचले, आणि परत फिरू का विचारलं तेव्हा तो खोटं बोलला. खाली एक ओळ होती, की खानावळीच्या मावशींनी माझी आईसारखी सेवा केली. विल्मेरनं ती ओळ मला दोनदा वाचून दाखवली. मी म्हटलं, "बरं बरं." मला भुईनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर सभा भरली. एकतीस घरं, एकतीस माणसं बाकांवर. आमच्या सभेचा नियम असा की पाळीतून कुणाचं नाव काढायचं तर सगळ्यांचे हात वर पाहिजेत. एकही हात खाली राहिला तर प्रकरण मुळापासून तपासायचं. आरोग्य केंद्राची बाई बोलवायची, प्रवाशानं काय खाल्लं, काय प्यायलं, कुणाच्या घरचं, सगळं विचारायचं. मुळापासून म्हणजे माझ्या चुलीपासून. खानावळीला कुलूप लागलं असतं, आणि गावात तोंड काय दाखवलं असतं मी?

विल्मेर उभा राहिला. केस चमकत होते. "काका, तुम्ही तिला झऱ्याचं पाणी दिलं?"

"दिलं."

"ती परत फिरायचं म्हणाली तेव्हा तुम्ही पुढं नेलं?"

"नेलं."

"अंतर सांगितलं का खरं?"

"नाही."

"तुम्हाला काही म्हणायचंय?"

दाजींनी टोपी मांडीवर फिरवली. मला वाटलं आता बोलतील. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचाच राग आला. बोलू दे ना म्हाताऱ्याला! एकदा तरी खरं अंतर सांग, एकदा तरी सांग की दोष ओढ्याचा नव्हे, या बाईचा! मग माझं जे व्हायचं ते होईल, पण मला स्वतःला तोंड उघडावं लागणार नाही. बघा, त्यातही मला दुसऱ्याच्या पाठीवरच बसायचं होतं.

"काही नाही," दाजी म्हणाले.

"मग हात वर करा," विल्मेर म्हणाला.

हात वर झाले. भराभर नाही झाले. जुनी माणसं खाली बघत होती, पण झाले. दाजींनी स्वतःचाही हात वर केला. विल्मेरनं पेन्सिलीनं एकेक बाक मोजत आणला तो माझ्यापाशी थांबला.

"मावशी, तुमचाच राहिलाय. तुम्ही नात्यातल्या, मला समजतं. पण होय की नाही, काय ते सांगा."

सगळ्यांच्या माना वळल्या. माझा हात मांडीवर होता, राखेनं घासघासून कातडी सोललेला. मी दाजींकडं बघितलं. त्यांचा हात वरच होता, ज्या खांद्यावर त्यांनी त्या पोरीचा भार वाहून आणला होता त्याच खांद्याचा. ते माझ्याकडं बघून मान हलवत होते, लहान मुलाला धीर देतात तसं.

"उचल गं दोसिया," दाजी म्हणाले. "लोकांचे हात दुखायला लागले."

लोक हसले. मी हात वर केला.